पन्नास की एकशे साठ? तबकडीवरचा पुरावा

१/ घड्याळाच्या दोन आवृत्त्यांतील बारीक फरक हा केवळ हौशी संग्राहकांचा विषय मानला जातो. माझ्या मते तो इतिहासाचा पुरावा आहे. उदाहरण म्हणून फेवर-लुबा कंपनीचे 'बाथी' हे पाणबुड्यांसाठी घडवलेले घड्याळ पाहू.

२/ कंपनी स्वित्झर्लंडची, तिचे मूळ १७३७ मधले. १८६५ पासून तिचा मुंबईशी व्यापार होता. म्हणूनच समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आपल्या भंडाऱ्यातही कुणाच्या आजोबांच्या पेटीत तिचे 'सी चीफ' सापडू शकते.

३/ १९६८ च्या बाथीत वेळेबरोबर पाण्याची खोलीही कळे. पाण्याचा दाब आतील यंत्रणेवर पडे आणि त्या दाबाने एक स्वतंत्र काटा तबकडीवरील मोजपट्टीवर सरके.

४/ आवृत्त्या दोन : 'बाथी ५०' आणि 'बाथी १६०'. तत्त्व एकच, फरक मोजपट्टीचा. ५० हे मीटर, १६० हे फूट. १६० फूट म्हणजे सुमारे ४९ मीटर. नुसता आकडा पाहणाऱ्यास दुसरे घड्याळ तिप्पट खोल जाणारे वाटेल. वस्तुतः दोघांची मर्यादा जवळजवळ सारखीच.

५/ मग दोन आवृत्त्या कशासाठी? कारण ग्राहकांचे जगच दुभंगलेले होते. फ्रान्स-इटलीतील पाणबुडे मीटरमध्ये मोजत, अमेरिकेतील फुटांमध्ये. आपणही १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली. तरी विहिरीची खोली आजही फुटांतच सांगतो. घड्याळ कोणासाठी घडवले, हे ती मोजपट्टी सांगते.

६/ आज जुन्या घड्याळांच्या तबकड्या सर्रास नव्याने रंगवल्या जातात. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. म्हणून येथील वाचकांस वेगळे सांगायला नको. भांड्यावर कोरलेले नाव आणि साल घासून टाकले, तर भांडे लखलखते. पण ते कोणी, कोणास, केव्हा दिले, हे कायमचे नाहीसे होते.

७/ घड्याळ चालते ठेवण्यास विरोध नाही. तेल घाला, काच बदला, पट्टा नवा लावा. तबकडी मात्र डागाळलेली असली तरी तशीच राहू द्या. तिचे छायाचित्र काढा, तिच्यावरील प्रत्येक अक्षर व अंक वहीत उतरवा. जुना डाग इतिहासाला चालतो. नवा रंग त्याचे तोंड बंद करतो.