मोजणी आणि विश्वास

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर वही घेऊन आलेल्या माणसाला लोक जपून उत्तर देतात. या सावधपणाची मुळे जुनी आहेत. तानसा धरण १८९२ मध्ये बांधले गेले. पुढे मोडकसागर झाला, भातसा झाले. मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसातून जाते, आणि शहापूरचे कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. आधी मोजणी, मग अहवाल आणि शेवटी पाणी दुसरीकडे, हा क्रम इथल्या माणसाने स्वतः पाहिला आहे. त्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे.

मुरबाडच्या काळू धरणाने हा अविश्वास आणखी पक्का केला. वनजमीन वळवण्यापूर्वी ग्रामसभेची संमती हवी, असे केंद्राचे परिपत्रक २००९ चे. तरीही वनखात्याची मंजुरी मिळण्याआधीच काम सुरू झाले. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कामाला स्थगिती दिली. म्हणजे तज्ज्ञांच्या कागदांवर शंका घेणाऱ्यांची बाजू न्यायालयात टिकली.

समाजशास्त्रांचा दोष वेगळा आहे. इथली अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या महिन्यांत पाहणी झाली, तर बंद झोपडी एवढीच नोंद उरते. ज्यांची अवस्था सर्वांत बिकट, तेच आकड्यांतून गळतात. शिवाय अभ्यास बहुधा इंग्रजीत छापला जातो. उत्तरे देणाऱ्याला निष्कर्ष कळत नाही, मग चूक दाखवणार कोण?

शेजारच्या बदलापुरात वेगळी रीत दिसली होती. ना. गो. चापेकरांनी १९३३ मध्ये आपल्याच गावाचा तपशीलवार अभ्यास मराठीत प्रसिद्ध केला. लेखक गावचाच, भाषा गावाची. त्यामुळे चूक सापडली तर ती दाखवायला वाचक दाराशीच होते. असे ग्रंथ मराठीत फार थोडे झाले, ही मोठी उणीव आहे.

आकडेच नकोत, असे मात्र पाड्यांना म्हणून चालत नाही. नोंद नसलेल्या कुटुंबाला ना रेशन मिळते ना जमिनीचा हक्क. २००६ च्या वनहक्क कायद्याने यातून एक वाट काढली आहे. त्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही पुरावा धरले जातात. गावची वनहक्क समिती जागेवर जाऊन पडताळणी करते, आणि दाव्यावर पहिला ठराव ग्रामसभेचा असतो.