बोटीचं तिकीट

सावित्री आणि कोयना दोघीही महाबळेश्वरच्या. सावित्री आमच्या पोलादपुरात उतरते नि महाडकडे जाते. कोयना पारघाटाच्या वर, पार गावाजवळून दक्षिणेला वळते. घाट मधे असला तरी सोयरिकी व्हायच्या. माझ्या थोरल्या आत्याचं सासर त्याच खोऱ्यातलं. तिथं आता शिवसागर जलाशय आहे.

मुंबईहून आलेले पाव्हणे तापोळ्याला ‘मिनी काश्मीर’ म्हणून कौतुक करायचे, तेव्हा आत्या एवढंच म्हणायची, "माझं जातं खाली हाय. त्याच्यावरनं फिरवा बोटी."

बोटीला माझा विरोध नाही. तापोळ्याची, बामणोलीची पोरं लाँच चालवतात, वासोट्याला माणसं नेतात, त्यावर चुली पेटतात. जमीन बुडाली, उरलेलं रान 1985 साली अभयारण्यात गेलं. मग पोटाला पाणीच राहिलं की नाही? भांडण आहे ते वरून चालणाऱ्या कारभाराशी. 105 टीएमसीचं धरण झालं, शंभराच्या आसपास गावं उठली, त्यांतली काही माणसं आमच्या रायगडात नि ठाण्यात आणून सोडली. पुनर्वसनासाठी 2018 सालीसुद्धा डॉ. भारत पाटणकरांसोबत या लोकांना कोयनानगरात ठिय्या द्यावा लागला. नातवंडं म्हातारी व्हायला आली, जमिनीचा हिशेब अजून पुरा नाही.

आणि मुनावळ्याचं जलपर्यटन केंद्र? ते 2024 मध्ये वाजतगाजत उघडलं. जेट स्की, स्पीडबोट, सगळं. त्यासाठी जलाशयाच्या सुरक्षेचे निर्बंधही सैल झाले. म्हणजे फाईल हलते! हलवणारा कोण, एवढाच प्रश्न.

साहेब लोक म्हणतील, टेंडर सगळ्यांना खुलं असतं. असेल हो. पण ज्याचं शेत पाण्याखाली गेलं त्यानं अनामत कुठून भरायची? ज्यांची जमीन बुडाली, बोटीचा परवाना आधी त्यांना द्या. तिकिटाच्या पैशातला ठरलेला वाटा काठच्या ग्रामपंचायतींना द्या. आणि बाळंतीण किंवा आजारी माणूस धक्क्यावर आला, तर लाँच आधी त्याची. फिरायला आलेल्यांनी जरा थांबावं.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की घरांची जोती उघडी पडतात. पर्यटक त्यावर उभे राहून फोटो काढतात. घर कुठल्या गावातलं, ते सांगणारी पाटी मला कधी दिसली नाही. धक्क्याधक्क्यावर बुडालेल्या गावांची नावं लिहा, तिकिटाच्या दरांपेक्षा मोठ्या अक्षरात.