जनुक आहे, मग विष सारखं का बनत नाही?



दहावीला ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ शिकवत होतो. फळ्यावर नेहमीची साखळी काढली : डीएनएपासून आरएनए, आरएनएपासून प्रथिन. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “सर, पटकीच्या जीवाणूकडे विषाचं जनुक असतं ना? मग तो सारखं विष का बनवत नाही?” मी म्हणालो, “परीक्षेला नाही ते, बस खाली.” ती बसली. त्या वर्षी तिने पुन्हा हात वर केला नाही. चूक माझी होती.

पटकीचा जीवाणू विष सोडतो हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं. पण विष बनवायला ऊर्जा खर्च होते, म्हणून ते कधी बनवायचं यावर जीवाणूचं नियंत्रण असतं. या नियंत्रणात छोट्या आरएनएचा मोठा वाटा आहे.

शाळेचंच उदाहरण घेऊ. मूळ आदेश ऑफिसच्या फाईलमध्ये असतो, तो डीएनए. त्याची प्रत शिपाईमामा वर्गात आणतात, तो संदेशवाहक आरएनए. शिक्षक ती वाचून काम करतात, तो रायबोझोम. आता त्या प्रतीवर कुणी चिठ्ठी चिकटवली तर? सूचना वाचताच येणार नाही. छोटा आरएनए म्हणजे ही चिठ्ठी. त्याची अक्षरं संदेशाच्या अक्षरांशी जुळतात आणि तो तिथे चिकटतो. मग तो संदेश बऱ्याचदा नष्टही होतो.

पटकीच्या जीवाणूत असे चार छोटे आरएनए काम करतात, हे २००४ मध्ये बॉनी बास्लर यांच्या गटाने दाखवलं. जीवाणू संख्येने थोडे असतात तेव्हा हे आरएनए बनतात आणि ‘हॅपआर’ या प्रथिनाचा संदेश झाकतात. हॅपआर म्हणजे विषाला लावलेला लगाम. लगाम सुटला की विष सुरू! संख्या खूप वाढली की छोटे आरएनए बनणं थांबतं, हॅपआर तयार होतं, विष बंद होतं आणि जीवाणू आतडं सोडून पुढच्या प्रवासाला निघतात.

गळवं आणणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये उलटा प्रकार. तिथे गर्दी वाढली की ‘आरएनए-तीन’ बनतो आणि विषं वाढवतो.

आपण मात्र नववीत आरएनएचे तीन प्रकार पाठ करून घेतो आणि पुढे जातो. मुलांच्या मनात आरएनए निरोप्याच राहतो. त्याहून वाईट म्हणजे, ‘जनुक आहे म्हणजे ते घडणारच’ असा समज पक्का होतो. आपल्या पेशींतही छोटे आरएनए जनुकांवर नियंत्रण ठेवतात. त्या शोधासाठीच व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं.

कुणी म्हणेल, “सर, पोर्शन कधी संपवायचा?” अडचण खरी आहे. पण मी पाठ वाढवा म्हणत नाही. साखळी शिकवून झाल्यावर फक्त दहा मिनिटं द्या आणि विचारा, “हे थांबवतं कोण?” पालकांनाही विनंती, मुलाने असं काही विचारलं तर ‘पुस्तकात नाही’ म्हणून विषय संपवू नका. सोबत बसून शोधा.

त्या मुलीचा प्रश्न आता मीच दरवर्षी वर्गात विचारतो.