कुणाचे गाव जवळ?



मागे एका शब्बाथला प्रार्थनेनंतर चहा घेत बसलो होतो. तेव्हा आमच्या मंडळातल्या एकांची नात जवळ आली नि म्हणाली, "आजी, मुंबईच्या खबाद हाऊसमधले खुनी पकडले ना हो सगळे?" आम्ही पटकन "हो गं" म्हणून मोकळे झालो. पण घरी आल्यावर त्या "हो"ने झोप लागू दिली नाही. खरे उत्तर धड "हो" नाही आणि धड "नाही"ही नाही. मोठ्यांनी मुलांना अर्धवट उत्तर देऊ नये, म्हणून या वेळचे पान त्या मुलीसाठी.

आधी तोरातली एक गोष्ट सांगतो. अनुवादाच्या पुस्तकात, एकविसाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच आहे. शेतात कुणी मारलेला माणूस सापडला आणि मारणारा ठाऊक नसला, तर काय करायचे? वडीलधाऱ्यांनी तिथून आजूबाजूच्या गावांपर्यंतचे अंतर मोजायचे. जे गाव सगळ्यांत जवळ, त्याच्या पुढाऱ्यांनी वाहत्या पाण्याच्या खोऱ्यात कालवड न्यायची, विधी करायचा, हात धुवायचे आणि हे रक्त आमच्या हातून सांडले नाही असे सांगायचे. आमच्या हाखामांनी यावर विचारले, की गावच्या पुढाऱ्यांवर का कुणी खुनाचा संशय घेतो? नाही. पण तो वाटसरू गावातून गेला तेव्हा त्याला जेवायला घातले का, सोबत दिली का, याचे उत्तर त्यांनी द्यायचे असते. म्हणजे खुनी सापडो न सापडो, "आमचा काय संबंध?" असे म्हणून कुणाला सुटता येत नाही.

आता मुंबईकडे वळू. २६ नोव्हेंबर २००८, बुधवार. कराचीहून समुद्रमार्गे निघालेले दहा बंदूकधारी रात्री कुलाब्याजवळच्या मच्छीमार वस्तीच्या किनाऱ्यावर उतरले. वाटेत त्यांनी 'कुबेर' नावाचा भारतीय मच्छीमार ट्रॉलर बळकावला होता. सीएसटी स्टेशन, कामा हॉस्पिटल, लिओपोल्ड कॅफे, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि आपले नरिमन हाऊस. तीन दिवसांत १६६ माणसे गेली. नरिमन हाऊसमध्ये रब्बी गॅव्ह्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि चार पाहुणे, असे सहा यहूदी गेले. हे जोडपे २००३ साली मुंबईत आले होते. परदेशचा प्रवासी असो की भायखळ्याचा बेने इस्राएल, शुक्रवारी त्यांच्या टेबलावर सगळ्यांना जागा असे.

आम्ही इकडे अमेरिकेत. दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंग होते. कुणाच्या घरी ओव्हनमध्ये टर्की तशीच राहिली, टीव्हीसमोरून कुणी हलेना. मुंबईला फोन लागत नव्हता. लागला की फक्त "आहात ना सगळे?" एवढेच विचारायचे. गुरुवारी सकाळी दाई सँड्रा सॅम्युएल छोट्या मोशेला उराशी धरून बाहेर आली, तेव्हा कितीतरी घरांत आयाबाया रडल्या. मोशे पुरता दोन वर्षांचाही नव्हता. शुक्रवारी एनएसजीचे कमांडो हेलिकॉप्टरमधून गच्चीवर उतरले. त्यातले गजेंद्रसिंह बिश्त तिथेच कामी आले.

दहांपैकी नऊजण मारले गेले. एक, कसाब, जिवंत सापडला तो तुकाराम ओंबळे यांच्यामुळे. गिरगाव चौपाटीला त्यांनी हातात फक्त काठी असताना त्याची बंदूक धरून ठेवली आणि स्वतःचा जीव दिला. खटला चालून २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात कसाबला फाशी झाली. म्हणजे बंदूक चालवणारे संपले. आमच्या मुलीचे "हो" इथपर्यंत खरे.

पण त्या तीन दिवसांत फोनवरून कुणीतरी त्यांना सांगत होते, आता हे करा, आता ते करा. ते आवाज भारतीय पोलिसांनी टेप केले. ते फोन कुठून आले? न्यू जर्सीतल्या एका कंपनीच्या इंटरनेट फोनवरून. त्या खात्यासाठी इटलीतल्या ब्रेशिया गावातून पैसे भरलेले. बोलणारे बसले होते पाकिस्तानात. बघा, मेलेला माणूस कुलाब्यात आणि धागे चार देशांत. वडीलधाऱ्यांनी दोरी घेऊन अंतर मोजायचे तरी कुठवर?

आणि सगळ्यांत दुखरा धागा आमच्या या अमेरिकेतलाच आहे.

डेव्हिड हेडली हा माणूस १९६० साली वॉशिंग्टनमध्ये जन्मला. वडील पाकिस्तानी, आई अमेरिकन. मूळ नाव दाऊद गिलानी. २००६ साली फिलाडेल्फियात त्याने नाव बदलले, म्हणजे पासपोर्ट बघून कुणाला संशय येऊ नये. मग २००६ ते २००८ या काळात पाच वेळा तो मुंबईत राहून आला. ताडदेवला त्याने ऑफिस थाटले, शिकागोतल्या एका इमिग्रेशनच्या धंद्याची शाखा म्हणून. हॉटेलांचे, स्टेशनचे, खबाद हाऊसचे चित्रण त्याने केले. ताडदेव म्हणजे आपल्या जेकब सर्कलपासून किती लांब? आमच्या पिढीतले बरेचजण तिथूनच बसने जायचे-यायचे. हल्ल्यानंतर, मार्च २००९ मध्ये, हा माणूस पुन्हा भारतात गेला आणि इतर शहरांतली खबाद हाऊसेस बघून आला!

त्याला ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर पकडले. मग बाहेर आले की या माणसाविषयी आधीच सांगावे आले होते. हेरॉइनच्या गुन्ह्यात सापडल्यावर तो अमेरिकन अंमली पदार्थ खात्याचा खबऱ्या झाला होता. २००५ साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्या एका बायकोने तपासयंत्रणेला सांगितले की याचे अतिरेक्यांशी संबंध आहेत. २००७ च्या अखेरीस दुसऱ्या बायकोने इस्लामाबादच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन तेच सांगितले. नोंद झाली, कागद राहिला, आणि माणूस फिरत राहिला.

आम्ही सारा जन्म नर्सिंगमध्ये काढला, म्हणून हे वाचताना आम्हाला ड्यूटी बदलण्याची वेळ आठवते. रात्रपाळीची नर्स दिवसपाळीला पेशंट सांभाळायला देते, तेव्हा चार शब्द तोंडी सांगावेच लागतात, की तीन नंबरच्या बाईचा ताप उतरत नाही, लक्ष ठेव. नुसते कागदावर लिहून भागत नाही. एकदा आमच्याच वॉर्डात असा निरोप राहून गेला. पेशंट वाचला, पण त्या रात्रीपासून आम्ही बोलल्याशिवाय घरी गेलो नाही. दोन बायका बोलल्या होत्या हो. ऐकणाऱ्याने पुढच्या पाळीला सांगितले नाही.

आता कायद्याची गुंतागुंत. १८ मार्च २०१० रोजी हेडलीने शिकागोच्या कोर्टात गुन्हे कबूल केले. बदल्यात करार झाला, की सहकार्य केले तर फाशी नाही आणि भारताच्या, पाकिस्तानच्या किंवा डेन्मार्कच्या ताब्यात देणे नाही. सहा अमेरिकन मेले त्याचा खटला अमेरिका चालवणार, पण भारतात मेलेल्यांचे काय? भारताच्या एनआयएचे अधिकारी जून २०१० मध्ये शिकागोला येऊन त्याला प्रश्न विचारून गेले. जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने अमेरिकेतल्या तुरुंगातून व्हिडिओवर मुंबईच्या कोर्टाला साक्ष दिली, माफीचा साक्षीदार म्हणून. मुंबईच्या आयांनी त्याला पडद्यावरच पाहायचे.

त्याचा जुना शाळासोबती तहव्वूर राणा, शिकागोतल्या त्या इमिग्रेशनच्या धंद्याचा मालक, जन्माने पाकिस्तानी आणि नागरिक कॅनडाचा. २०११ साली शिकागोच्या ज्युरीने त्याला लष्कर-ए-तोयबाला मदत केल्याबद्दल आणि डेन्मार्कच्या कटाबद्दल दोषी ठरवले, मुंबईच्या आरोपातून मात्र सोडले. शिक्षा १४ वर्षे. भारताने त्याला मागितले, तेव्हा त्याचे वकील म्हणाले की एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको. भारत-अमेरिका प्रत्यार्पण करार १९९७ सालचा, त्यात तसे कलम आहेच. कोर्टांनी सांगितले की भारतातले आरोप वेगळे आहेत. खालचे कोर्ट २०२३, वरचे २०२४, मग सुप्रीम कोर्टाने २१ जानेवारी २०२५ रोजी नकार दिला आणि १० एप्रिल २०२५ रोजी राणाला दिल्लीत उतरवले. आरोप तो आरोपच, निकाल न्यायाधीश देतील. पण त्या विमानाला सोळा वर्षे लागली.

आणि पाकिस्तान? कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजला, असे तिथल्या सरकारने फेब्रुवारी २००९ मध्ये मान्य केले. सात जणांवर खटला भरला. २०१२ मध्ये तिथले पथक मुंबईला आले, पण साक्षीदारांची उलटतपासणी करू दिली नाही म्हणून त्यांच्याच कोर्टाने तो अहवाल बाद ठरवला. पुन्हा २०१३ मध्ये यावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या सरकारी वकिलालाच इस्लामाबादेत गोळ्या घालून मारले. मुख्य आरोपी झकीउर रहमान लखवी २०१५ साली जामिनावर बाहेर आला. पुढे त्याला, साजिद मीरला, हाफिज सईदला शिक्षा झाल्या त्या अतिरेक्यांना पैसे पुरवल्याच्या. मुंबईच्या खुनांच्या नव्हेत. होल्ट्झबर्ग कुटुंबाच्या नातेवाइकांनी २०१० साली ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टात दावा लावला, पण पाकिस्तानी गुप्तहेर खाते आणि त्याचे प्रमुख परक्या सरकारचे म्हणून त्यांना त्यातून वगळण्यात आले.

म्हणून, बाळ, तुझे खरे उत्तर असे. ज्यांनी बंदुका चालवल्या ते संपले. ज्याने घर दाखवले तो तुरुंगात गेला, पण जिथे रडणे झाले तिथल्या कोर्टात उभा राहिला नाही. ज्यांनी फोनवरून हुकूम दिले, त्यांना या खुनांसाठी कुठल्याच कोर्टाने अजून शिक्षा केलेली नाही. प्रत्येक गाव म्हणाले की दुसरे गाव जवळ आहे.

पण आम्ही तुला नुसत्या काळोखात सोडून देणार नाही. त्या रात्री कामा हॉस्पिटलमध्ये अंजली कुलथे नावाची स्टाफ नर्स ड्यूटीवर होती. गोळ्यांचे आवाज ऐकताच तिने वॉर्डाची दारे बंद केली, वीस गरोदर बायकांना लहानशा पँट्रीत नेऊन बसवले आणि एकीच्या कळा सुरू झाल्या तेव्हा तिला धीराने डिलिव्हरीला पोचवले. पुढे कोर्टात उभे राहून कसाबला ओळखले. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही ती बोलली. सँड्रा मोशेबरोबर इस्राएलला गेली, तिथल्या सरकारने २०१० साली तिला सन्मानाचे नागरिकत्व दिले. मोशे जानेवारी २०१८ मध्ये परत त्या घरात येऊन उभा राहिला. या बायांनी कुणाचे गाव जवळ हे मोजत बसण्यात वेळ घालवला नाही.

आमची वाचकांना एकच विनंती. नोव्हेंबरात हशकाबा म्हणाल तेव्हा फक्त आपल्या सहांसाठी नको, स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेल्यांसाठीही म्हणा. आणि घरातल्या मुलांनी विचारले तर आमच्यासारखे पटकन "हो" म्हणू नका. बसवून घ्या, सगळे सांगा. आमची पाळी संपत आली, पुढच्या पाळीला तोंडी सांगून जायला हवे.

पुढच्या अंकात भेटू. सर्वांना शालोम.