पिकाचा रकाना भरला, वावराचा कोरा

पुरानंतरच्या पंचनाम्यात दोन नुकसानी वेगवेगळ्या लिहायच्या असतात, हे वर्धा नदीच्या काठावर नोकरी केलेला कुठलाही तलाठी किंवा कृषी सहायक झोपेतही सांगेल. पऱ्हाटी आडवी झाली, सोयाबीन सडलं, ते पिकाचं नुकसान. जमीन खरडून गेली किंवा वावरात रेती-गाळ बसला, ते जमिनीचं. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत जिरायती पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, तेही नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर. तीन इंचांहून जास्त गाळ साचला असेल तर तो काढायला हेक्टरी १८,०००. नदीने पात्र बदलून जमीनच नेली तर ४७,०००. रकमा तुटपुंज्या आहेत, त्यावर वेगळं भांडता येईल. पण रकाने बरोबर आहेत. पीक एका हंगामाचं आणि वावर पिढ्यांचं, एवढं सरकारी कागदालाही कळतं.

कृषी खात्यात हेच रकाने भरत मी निवृत्त झालो आणि आता कौंडण्यपुरात बसून समुद्राबद्दल लिहितो आहे. समुद्र इथून सहाशे-सातशे किलोमीटर. वऱ्हाडी माणसाला त्याचं काय, असं कोणी म्हणेल. तर रुक्मिणीचं माहेर आमचं असलं तरी सासर द्वारकेचं, आणि त्याच द्वारकेला लागून असलेल्या कच्छच्या आखातात वाडीनारला आज देशाचं कच्चं तेल उतरतं. वऱ्हाडातल्या पंपांवर गायगावच्या डेपोतून जे टँकर निघतात, त्यातल्या डिझेलची सुरुवात कुठल्या तरी जहाजात झालेली असते. ट्रॅक्टर आमचा चालतो. तवंग मात्र दुसऱ्याच्या दारात. तेव्हा चार शब्द बोलण्याचा हक्क आहे, असं मी धरून चालतो.

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रावर बाराशेहून जास्त कंटेनर होते, त्यातले कितीतरी पाण्यात पडले. काहींत कीटकनाशकं होती. जहाजाच्या टाक्यांतलं सुमारे ८०० टन इंधन तेल समुद्रात गेलं. जवाहरलाल नेहरू बंदराची वाहतूक काही दिवस बंद राहिली. मुंबई, उरण, अलिबागच्या किनाऱ्यांवर काळा थर आला, खाड्यांतली तिवरं माखली. त्या आठवड्यातल्या बातम्या मला आठवतात: मासळी खावी की नाही, बंदर कधी सुरू होणार, कोळ्यांना भरपाई किती. सगळे रास्त प्रश्न. पण सगळे पिकाच्या रकान्यातले. वावराचं काय झालं, हे विचारणारा आवाज फार बारीक होता.

खाडीचं वावर म्हणजे काय, ते मला उरणला कळलं. मुलगी तिकडे दिली आहे. तिच्या शेजारच्या एका मावशींबरोबर ओहोटीच्या वेळी मी चिखलात उतरलो. तिवरांभोवती चिखलातून बोटभर उंचीची मुळं वर आलेली असतात, शेकड्यांनी. त्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड या मुळांवरच्या बारीक छिद्रांतून श्वास घेतं. त्यांवर तेलाचा लेप बसला की झाड गुदमरतं, पण लगेच मरत नाही. पानं पिवळी पडायला, गळायला आठवडे जातात, कधी महिने. तोवर पाहणी करणारे पाहणी करून गेलेले असतात. मावशींनी चिंबोरीच्या बिळापाशी टाच दाबली. बिळात पाणी वर आलं आणि त्यावर रंगीत चकाकी पसरली. हे तेल कुठल्या वर्षाचं, कुठल्या जहाजाचं, की कुठल्या नळाचं, हे त्यांना सांगता येईना. मला तर नाहीच. खेकडा बीळ खणतो, तेल त्याच वाटेने खाली उतरतं, आणि हवा नसलेल्या चिखलात ते वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहू शकतं. वरून खाडी स्वच्छ दिसते.

मावशी होडीवाल्या नाहीत. त्या हाताने निवट्या, कालवं, चिंबोऱ्या गोळा करतात आणि बाजारात वाट्यावर विकतात. ना परवाना, ना सोसायटीत नाव. भरपाईची यादी झाली की होडीवाल्यांचं नाव निदान येण्याची शक्यता असते, यांचं नसतेच. आमच्याकडे मक्त्यानं वावर वाहणाऱ्याची तीच गत: राबणारा तो, सातबारा दुसऱ्याचा, आणि मदत सातबारावाल्याच्या खात्यात.

आता मूळ मुद्दा. एका पुराच्या वेळी एक म्हातारा शेतकरी मला म्हणाला होता, ‘साहेब, गाळ तं दिसूनच रायला, पन त्याच्या खालची माती कशी होती थे कोनाले सांगाव?’ त्याला उत्तर देता येत होतं. सातबारा होता, पीकपेरा होता, पुढे मृद आरोग्य पत्रिकाही आल्या. म्हणजे ‘आधी’ काय होतं याचा कागद होता, म्हणून ‘नंतर’ किती गेलं हे काढता आलं. खाडीला सातबारा नाही.

नोंदी अगदीच नाहीत असं नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था दर वर्षी किती मासळी किनाऱ्याला लागली त्याचे अंदाज देते. प्रदूषण नियंत्रण मंडळ काही ठिकाणी पाणी तपासतं. वन खात्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे आणि उपग्रहावरून कांदळवनाचं क्षेत्र मोजलं जातं. पण मासळीचे आकडे पुन्हा पिकाचेच. आणि उपग्रहाला हिरवा ठिपका दिसतो. चिखलात दर चौरस मीटरला किती बिळं, किती शिंपले, चिखलात आधीपासून किती तेल, हे त्याला दिसत नाही. हे गुडघाभर चिखलात उतरून मोजावं लागतं, तेही अपघाताच्या आधी.

‘आधी’ची नोंद नसली की काय होतं, याचा धडा अलास्काने दिला. एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज २४ मार्च १९८९ ला खडकावर चढलं. प्रिन्स विल्यम साउंडमधली हेरिंग मासळी कोसळली ती चार वर्षांनी, १९९३ मध्ये. तेलामुळे की रोगामुळे की उपासमारीमुळे, यावर शास्त्रज्ञांचे वाद कित्येक वर्षं चालले. मासळी आजही पूर्वपदावर नाही. त्याच किनाऱ्यावर गरम पाण्याचे जोरदार फवारे मारून दगड धुतले गेले; दगड चकचकीत झाले आणि त्यांवरचं जगलेलं जीवजंतूंचं गोत उकडून निघालं. साफसफाई आणि पुनर्स्थापना ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी कधी चिखलात माणसं न उतरवणं हाच सर्वांत शहाणपणाचा उपाय असतो, कारण शंभर पाय तेल आणखी खोल दाबतात.

अमेरिकेने त्यातून १९९० चा तेलप्रदूषण कायदा केला. त्यातली मला पटलेली गोष्ट साधी आहे. किनारा, पाणी, पक्षी, मासे यांचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. विश्वस्ताने नुकसान मोजायचं आणि मोजणीचा खर्चही ज्याने तेल सांडलं त्याच्याकडून घ्यायचा. पूर्ववत करण्याचा आराखडा लोकांपुढे ठेवायचा, आणि वसूल झालेला पैसा त्या कामाबाहेर खर्च करायचा नाही. खाडी सावरायला दहा वर्षं लागणार असतील तर त्या दहा वर्षांत लोकांचं आणि निसर्गाचं जे बुडालं, तेही हिशेबात धरायचं. २०१० च्या मेक्सिकोच्या आखातातल्या गळतीनंतर निव्वळ निसर्गाच्या रकान्यात ८.८ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड झाली ती या कायद्याच्या जोरावर. कोळ्यांची, हॉटेलवाल्यांची भरपाई निराळी.

आपल्याकडे विश्वस्ताचं तत्त्व नाही असं समजू नका. बियास नदीच्या कमलनाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरातच ते सांगितलं. पण तत्त्वाला हाताखाली कारकून लागतो. मुंबईजवळ ४ ऑगस्ट २०११ ला साठ हजार टन कोळसा घेऊन एमव्ही रॅक हे जहाज बुडालं, तेल पसरलं. हरित न्यायाधिकरणाने जहाजवाल्यांना १०० कोटी आणि कोळशाच्या मालकाला ५ कोटी भरायला सांगितलं ते २३ ऑगस्ट २०१६ ला. पाच वर्षं. निकाल चांगलाच होता, पण ठोक रक्कम आणि बिळा-शिंपल्यांचा हिशेब यांत फरक आहे. इतक्या वर्षांनी कुठली खाडी त्यातून दुरुस्त करायची, हे कोण सांगणार?

याला कायद्याचीही एक बाजू आहे, जी आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. जहाजातल्या तेलाबाबतचे जे आंतरराष्ट्रीय करार भारताने मान्य केले आहेत, त्यांत बुडालेल्या उत्पन्नाखेरीज पर्यावरणाच्या हानीची भरपाई मिळते ती फक्त पूर्ववत करण्याच्या वाजवी उपायांच्या खर्चापुरती, म्हणजे जे उपाय प्रत्यक्ष केले किंवा करायचे आहेत तेवढ्यापुरती. ‘आमची खाडी फार मोलाची होती हो’ असं सांगून विमा कंपनी पैसे देत नाही. कुठल्या खाडीत, किती हेक्टर, काय बिघडलं, काय करणार आणि खर्च किती, हे दाखवावं लागतं. ज्याचा पंचनामा कच्चा, त्याचा दावा कच्चा.

केरळने रकाने तरी वेगळे केले. २५ मे २०२५ ला कोचीजवळ एमएससी एल्सा-३ बुडालं, ६४३ कंटेनर घेऊन. प्लास्टिकचे बारीक दाणे किनाऱ्यावर पसरले. राज्याने उच्च न्यायालयात ९,५३१ कोटींचा दावा लावला. त्यात पर्यावरणाच्या हानीचे ८,६२६ कोटी, किनारा पूर्ववत करण्याचे सुमारे ३७८ कोटी आणि मच्छीमारांच्या नुकसानीचे सुमारे ५२६ कोटी असे भाग पाडले. कंपनीला दावा मान्य नाही. न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हमीची रक्कम १,२२७ कोटींवर आणली. पर्यावरणाच्या हानीचा आकडा कोर्टात कितपत टिकेल, मला शंका आहे. पण जहाजाच्या नावातली ‘एमएससी’ ही अक्षरं तीच, आणि २०१० नंतर पंधरा वर्षांनी निदान एका राज्याला वावराचा रकाना सुचला.

महाराष्ट्राला हे जमणार नाही असं नाही. तेल सांडलं की ते वाऱ्या-प्रवाहाबरोबर कुठे जाईल, याचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस संस्था देते. तवंग किनाऱ्याला लागायला बहुतेकदा काही तास किंवा दिवस मिळतात. तेवढ्यात त्या वाटेवरच्या स्वच्छ खाड्यांत माणसं पाठवून चिखलाचे, शिंपल्यांचे नमुने घेऊन ठेवले, तर ‘आधी’चा निम्मा कागद तयार होतो. जहाजाच्या टाकीतल्या तेलाचा नमुनाही त्याच दिवशी हवा. तेलाची रासायनिक ओळख पटवता येते, म्हणून कोणाचं तेल कोणाच्या खाडीत गेलं ते सिद्ध करता येतं. गोव्याच्या किनाऱ्यांवर पावसाळ्यापूर्वी दर वर्षी डांबराचे गोळे येतात आणि ते कुणाचेच नसतात, ते अशा नमुन्यांअभावीच. आमच्याकडे पंचनामा संयुक्त असतो: तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक. तिकडे कांदळवन कक्षाचा वनरक्षक, मत्स्य खात्याचा माणूस आणि चिखल ओळखणारी एखादी मावशी, असं त्रिकूट सही करायला पुरेल. मावशी मी उगाच घालत नाही. चिंबोरी कुठे कमी झाली, हे पहिल्यांदा तिला कळतं.

आणि पैसा आलाच, तर तो रोपं लावण्याच्या कार्यक्रमात घालवू नये, एवढी विनंती. दर वर्षी त्याच खड्ड्यात तेच झाड, हा खेळ आम्ही वृक्षलागवडीत पाहिला आहे. खाडीत आधी भरती-ओहोटीचं पाणी मोकळं फिरू द्यावं लागतं, बुजलेले नाले उघडावे लागतात, मग बिया वाहत येऊन आपोआप रुजतात. मोकळ्या चिखलपट्टीवर रांगेत तिवरं लावली, तर पक्ष्यांची आणि शिंपल्यांची जागा जाते, फोटो मात्र छान येतो.

कामाला सुरुवात करायची तर ती पालघरपासून करावी. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. प्रकल्प शहात्तर हजार कोटींचा. १९९८ मध्ये याच जागेचं बंदर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नाकारलं होतं, आणि त्याचे अध्यक्ष आमच्या विदर्भाचे न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी होते. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह संमती दिली. बंदर हवं की नको हा वाद मी इथे उकरत नाही. परवानगीच्या अहवालासाठी तिथे पाहण्या झाल्या आहेत, पण परवानगीपुरती केलेली पाहणी आणि दर वर्षी, त्याच जागी, त्याच पद्धतीने केलेली नोंद यांत, पीकपेरा लिहिणाऱ्याला विचारा, किती अंतर असतं. मोठी जहाजं लागायला अजून काही वर्षं आहेत. तोवर डहाणू-वाढवणच्या खडकाळ किनाऱ्याचा आणि आसपासच्या खाड्यांचा सातबारा लिहून काढावा, खर्च बंदराच्या खात्यातून घ्यावा, आणि कागद ग्रामपंचायतीत कोणालाही बघता येईल असा ठेवावा. त्याचं पहिलं पान पुढच्या पावसाळ्याआधी भरता येईल.