वर्षभराची वृत्ति आणि घरावरचें छत

सुशिक्षित घरांतून हल्लीं एक नवा प्रश्न ऐकूं येऊं लागला आहे. मुलगा किंवा मुलगी इंजिनियरिंगची परीक्षा उत्तम रीतीनें उत्तीर्ण होते, दोन-तीन ठिकाणांहून नोकरीचें बोलावणें येतें, आणि ऐन वेळीं तें मूल म्हणतें, "मला एक फेलोशिप मिळाली आहे, ती मी पत्करणार." हें ऐकून वडील मंडळी गोंधळून जातात. महाविद्यालय तर संपलें, मग ही कसली शिष्यवृत्ति? दरमहा पैसे मिळतात, तर ती नोकरी कां नव्हे? आणि वर्षानें ती संपली म्हणजे पुढें काय? या प्रश्नांचा विचार या महिन्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण आमच्या खानदेशांतल्या एका घरांत तो नुकताच उपस्थित झाला, आणि त्यांत आमचेंहि मत विचारण्यांत आलें.

धुळ्यास आमचे एक जुने स्नेही आहेत. तीन भावांचा एकत्र संसार. त्यांची नात इंजिनियर झाली. तिला पुण्याकडील एका कारखान्यांत कायमची नोकरी मिळत होती. त्याच सुमारास एका संस्थेनें वर्षभराची वृत्ति देऊं केली. काम असें कीं, जळगांव व धुळें या दोन जिल्ह्यांतील शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या यांच्या इमारतींस किती वीज लागते, त्यांतली किती वायां जाते आणि आंतला उकाडा कशानें कमी होईल, हें मोजून लिहून काढावयाचें. रक्कम नोकरीच्या पगाराच्या निम्म्याहून थोडी अधिक. आजोबा आम्हांस म्हणाले, "गुरुजी, पंखे मोजण्यासाठीं का आम्हीं हिला चार वर्षें शिकविली?" आत्याबाईंची काळजी निराळी. उद्यां पाहावयास आलेल्या मंडळींस मुलगी काय करते म्हणून सांगावयाचें?

या दोन्ही शंका हंसण्यावारी नेण्याजोग्या नाहींत. ज्या घरानें पोट मारून मूल शिकविलें, त्याला पुढच्या वर्षाची चिंता वाटणारच. परंतु वृत्ति ही वस्तु आपल्या लोकांस नवी आहे, हा समज मात्र खरा नव्हे. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटीत असत. १८१८ नंतर इंग्रज सरकारनेंहि ती कांहीं काळ चालविली. तिच्यांतून १८२१ सालीं पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली, आणि पुढें त्याच पैशांतून महाविद्यालयांत 'दक्षिणा फेलो' नेमूं लागले. पदवी घेतलेल्या तरुणानें कांहीं काळ अध्ययन-अध्यापन करावें आणि त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी, हा तिचा हेतु. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेहि असे फेलो होते. मूळची दक्षिणा एकाच जातीपुरती होती, हा तिचा दोष. आजच्या वृत्तींस तें बंधन नाहीं. पण शिक्षण संपणें आणि बस्तान बसणें यांच्यामधल्या काळांत तरुणाला हात द्यावा, ही कल्पना आपल्या आजे-पणज्यांच्या ओळखीची आहे.

दुसरें उदाहरण आमच्या धुळ्याशींच संबद्ध आहे. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजांत शिकले ते म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर. १८८३ सालीं ते एल. सी. ई. च्या परीक्षेंत मुंबई इलाख्यांत पहिले आले आणि १८८४ सालीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत सहायक इंजिनियर झाले. त्यांच्या अगदीं आरंभीच्या कामांपैकीं एक म्हणजे धुळें जिल्ह्यांत दातर्ती येथें पांझरेच्या पाटाच्या कामांत नळाचें सायफन घालणें. वय पंचविशीच्या आंतलें, काम चिखलांतलें. ज्या म्हैसूरनें त्यांना वृत्ति दिली, त्या म्हैसूरला तिचें फळ पुष्कळ वर्षांनीं मिळालें. १९१२ सालीं तेच तेथील दिवाण झाले. वृत्तीचा हिशेब वर्षाअखेर मांडून चालत नाहीं, तो असा.

आतां कामाकडे वळूं. पंखे मोजणें हें इंजिनियरचें काम आहे काय? आमच्या भागांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जाणें नवीन नाहीं. पूर्वीं येथें धाब्याचीं घरें असत : मातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती आणि लांकडी तुळयांवर मातीचा जाड थर. दुपारची उष्णता त्या थरांतून आंत पोंचेपर्यंत दिवस मावळे, आणि तोंवर घरचीं माणसें धाब्यावर निजावयास जात. तें घर म्हणजे स्वर्ग होतें असें नव्हे. पावसाळ्यांत तें गळे आणि वरचेवर माती चढवावी लागे. म्हणून लोकांनीं सिमेंटचा स्लॅब पत्करला, यांत त्यांनीं कांहीं वावगें केलें असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु स्लॅब पातळ, त्यावर सावली नाहीं, आणि दिवसभर तापलेला तो रात्रीं आंत उष्णता सोडीत राहतो. वरच्या मजल्यावर निजणारास हें समजावून सांगावयास नको.

केंद्र सरकारच्या ऊर्जा-दक्षता ब्यूरोनें २०१८ सालीं राहत्या घरांसाठीं 'इको-निवास संहिता' काढिली. तींत छताविषयीं नियम असा कीं, आंतबाहेरच्या उष्णतामानांत दर अंशाच्या फरकास, छताच्या दर चौरस मीटरांतून १.२ वॉटपेक्षां अधिक उष्णता आंत येऊं नये. खोलीचें छत १० चौरस मीटर आणि फरक १० अंश धरिला, तर मर्यादा १२० वॉट होते. नुसत्या स्लॅबमधून याच स्थितींत ३०० वॉटांहून अधिक उष्णता येते. शिवाय उन्हानें स्लॅब तापतो तें निराळेंच. गच्चीवर पांढरा चुना दिला तर ऊन परततें, आणि उष्णता अडविणारा थर घातला तर ती आंत येतांना अडते. पण कोणत्या इमारतीस काय करावें, कोणतें स्वस्त पडेल आणि किती वर्षें टिकेल, हें मोजल्यावांचून सांगतां येत नाहीं.

पंख्यांचाहि हिशेब पाहा. एका शाळेंत ६० पंखे आहेत व ते रोज ६ तास चालतात असें समजूं. जुना पंखा ७५ वॉटचा. रोजची वीज २७ युनिट. नव्या पद्धतीचा पंखा सुमारें ३० वॉटचा. रोजची वीज १०.८ युनिट. वर्षांत २०० दिवस शाळा भरली, तर ३,२४० युनिट वांचले. मात्र साठांपैकीं किती पंखे खरोखर फिरतात, रिकाम्या वर्गांत किती फिरतात, हें कागदावर कळत नाहीं. तें कोणीतरी उन्हांत हिंडून पाहावें लागतें.

आमच्या खानदेशांत वीज निर्माण करण्याचीं कामें मोठीं आहेत. भुसावळजवळ दीपनगरास कोळशावरचें केंद्र आहे, आणि साक्री तालुक्यांत शिवाजीनगर येथें २०१३ सालीं १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला. वीज निर्माण करणारास उद्घाटनाचा मंडप मिळतो. ती वांचविणाराचें काम कोणाच्या नजरेस पडत नाहीं. म्हणूनच या कामाकडे तरुणांना वळविण्यासाठीं वृत्ति लागते. भारत सरकारचें विज्ञान-तंत्रज्ञान खातें व भारत-अमेरिका विज्ञान-तंत्रज्ञान मंच यांनीं इमारतींतील ऊर्जा-बचतीच्या अभ्यासासाठीं जी वृत्ति ठेविली, तिचें नांव इंग्रजी आद्याक्षरांतून 'भवन' असें जुळविलें होतें. हिरव्या इमारतींस गुण देणाऱ्या भारतीय पद्धतीचें नांव 'गृह' असें आहे. गृह शब्दाचा धातु ग्रह्, म्हणजे धरून ठेवणें. आमचीं नवीं घरें सध्यां दुपारचें ऊन धरून ठेवितात, एवढाच काय तो फरक.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. अशा वृत्ति बहुधा दिल्ली-मुंबईच्या कांचेच्या मोठ्या इमारतींकडे पाहतात. जळगांवची सतरा मजली पालिका-इमारत आणि पारोळ्याची पत्र्याची शाळा यांकडे फारसें कोणी पाहात नाहीं. त्यामुळें आपल्याच जिल्ह्यांत काम करण्याची संधि चालून आली असतां तिला कमी लेखूं नये, असें आमचें मत आम्हीं आमच्या स्नेह्यांस कळविलें.

तथापि डोळे मिटून होकार द्यावा असेंहि आम्ही म्हणत नाहीं. चार गोष्टी लेखी मागून घ्याव्या. रक्कम दरमहा कोणत्या तारखेस मिळेल आणि प्रवासखर्च निराळा आहे कीं तींतूनच करावयाचा? मार्गदर्शक कोण, आणि तो महिन्यांतून किती वेळां भेटेल? मोजमापाचीं यंत्रें संस्था देणार कीं नाहीं? वर्षाअखेर जो अहवाल होईल, त्यावर मुलीचें नांव राहील काय? वृत्तींत प्रॉव्हिडंट फंड व रजेचे हक्क नोकरीसारखे असतीलच असें नाहीं, हें घरानें आधींच समजून असावें. पुढची वाटहि पाहून ठेवावी. ऊर्जा-दक्षता ब्यूरो ऊर्जा-व्यवस्थापक व ऊर्जा-लेखापरीक्षक यांच्या परीक्षा घेतो. त्यांस पदवीबरोबर कांहीं वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, आणि अनुभवास कोठून तरी आरंभ करावाच लागतो. २०२२ सालच्या दुरुस्तीनें ऊर्जा-संधारणाच्या कायद्याची कक्षा राहत्या मोठ्या इमारतींपर्यंत वाढली आहे. तेव्हां हें काम जाणणाऱ्या माणसांची गरज वाढतच जाईल.

आजोबांनीं चार प्रश्न आपल्या हातानें लिहून पाठविले. तिहींचीं उत्तरें नीट आलीं. यंत्रांविषयींचें मोघम होतें, तें पुन्हां विचारून पक्कें करून घेतलें. मुलीनें वृत्ति पत्करिली आहे. पाहावयास येणाऱ्या मंडळींस काय सांगावें, याचें उत्तर आम्हीं आत्याबाईंस दिलें तें असें : "मुलगी इंजिनियर आहे, आणि सध्यां दोन जिल्ह्यांच्या शाळा उन्हाळ्यांत निभाव लागण्याजोग्या कशा होतील, हें पाहते आहे, असें सांगा." ज्यांना एवढ्यानें समाधान होत नाहीं, तें घर मुलीस फारसें मानवणारहि नाहीं.

ज्या वाचकांच्या घरीं असाच प्रसंग आला असेल, त्यांनीं मुलाला किंवा मुलीला प्रथम कामाविषयीं विचारावें आणि मग रकमेविषयीं. एकत्र कुटुंबांत एका मिळवत्याचें वर्ष थोडें ओढाताणींत गेलें तर बाकीचे तें सांवरून घेतात; एकत्र राहण्याचा उपयोग तो हाच. ज्याच्या पाठीशीं असें घर नाहीं, त्याला हें वर्ष परवडत नाहीं. आपल्या मुलांस तें परवडतें, याची जाणीव त्यांस द्यावी, आणि काम चोख करवून घ्यावें.