खिचडीची चव कोणी घ्यायची?

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे. सॉफ्टवेअर कोणासाठी बनतं? जो पैसे देतो त्याच्यासाठी. जो रोज आठ तास त्या स्क्रीनसमोर बसणार असतो त्याला कोणी काही विचारत नाही. मग तो बिचारा कारकून सगळा खरा हिशेब गुपचूप एक्सेलमध्ये ठेवतो. शाळेतल्या दुपारच्या जेवणाचं अगदी हेच झालंय. फरक एवढाच की इथे वापरणाऱ्याकडे एक्सेल नाही. तो ताटात भात तसाच ठेवतो आणि हात धुवायला पळतो.

हे डोक्यात घोळायला लागलं ते माझ्या मावसबहिणीमुळे. ती नगर जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षिका आहे. (जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, पण तोंडात अजून नगरच येतं, काय करणार.) शाळा पाथर्डी तालुक्यात. पाथर्डी-शेवगावचा हा पट्टा म्हणजे ऊसतोड कामगारांचा. दिवाळी झाली की आई-बाप कोयते घेऊन बाहेर पडतात आणि मागे राहिलेली मुलं आजी-आजोबांकडे. अशा पोराच्या दृष्टीने शाळेत मिळतो तो 'पूरक आहार' वगैरे नसतो, ते दिवसातलं मुख्य जेवण असतं.

तर ताई सांगत होती चवीच्या वहीबद्दल. मुलांना वाढायच्या आधी शिक्षकांनी आणि एखाद्या पालकाने जेवण चाखायचं आणि वहीत नोंद करून सही करायची, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे, विषबाधेच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. पण त्या वहीत वर्षभर लिहिलेलं काय असतं? 'चव चांगली.' 'चव चांगली.' 'चव उत्तम.' (हा अधिकारी भेटीला आलेला दिवस!) म्हणजे टेस्टिंग रोज होतं, सगळ्या टेस्ट पास होतात, आणि युझर मात्र अर्धं ताट टाकून देतो.

दुसरी गंमत आकड्यांची. किती मुलं जेवली हा आकडा शाळेतून रोज मोबाईलवरून वर जातो. तांदूळ किती शिल्लक, डाळ किती, सगळं ठरलेल्या प्रमाणात वजा होत जातं. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150. कागदावर 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांना 700 आणि 20. हे सगळं शिजवलेल्या अन्नाचं गणित झालं. पोटात किती गेलं हा रकानाच नाही. आपल्याकडे कोणी असा डॅशबोर्ड बनवला असता तर पहिल्याच डेमोला झापला असता.

मला योजनेची टिंगल करायची नाहीये, हे आधीच सांगतो. 1995 साली ती सुरू झाली तेव्हा बऱ्याच राज्यांत मुलांच्या हातात महिन्याला 3 किलो धान्य टेकवायचे. 28 नोव्हेंबर 2001 ला सुप्रीम कोर्टाने शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला, तेव्हा कुठे शाळेत चूल पेटली. आज देशभर कोट्यवधी मुलं रोज एका पंगतीत बसतात, जात न विचारता. जगात अशी गोष्ट फार ठिकाणी नाही. म्हणूनच ती अर्धवट राहिली की जास्त टोचतं.

आता अंड्याचं घ्या. नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. लगेच वाद सुरू. मग जानेवारी 2024 मध्ये नियमात 40 टक्के पालकांच्या हरकतीची अट आली, ओळखपत्रावर लाल-हिरव्या ठिपक्यांची कल्पना निघाली. आणि जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्याचे पैसे देणंच बंद केलं, नाचणीसत्त्व आणि खिरीच्या साखरेचेही. हवं असेल तर लोकसहभागातून करा म्हणे. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापाकडून कसला लोकसहभाग काढणार? या सगळ्या चौदा-पंधरा महिन्यांत मंत्री बोलले, संघटना बोलल्या, पालकांची टक्केवारी मोजली. पोरांना विचारल्याचं मला तरी कुठे दिसलं नाही.

सीमेपलीकडे काय झालं बघा. डिसेंबर 2021 मध्ये कर्नाटकने सात जिल्ह्यांत अंडी सुरू केली. त्यात बिदर होता, म्हणजे आपले भालकी-औरादचे मराठी बोलणारे लोकही आले. तिथेही काही मठाधिपतींनी विरोध केला. तेव्हा कोप्पळ जिल्ह्यातल्या गंगावतीची एक शाळकरी मुलगी कॅमेऱ्यासमोर तावातावाने बोलली. आम्हाला अंडी हवीत, बंद केलीत तर तुमच्या मठात येऊन खाऊ, अशा अर्थाचं! तो व्हिडिओ देशभर फिरला. तिच्यामुळे अंडी टिकली असं मी म्हणत नाही. पण अंड्याच्या वादात अंडं खाणारा माणूस पहिल्यांदा दिसला. 2024 पासून तर कर्नाटकात खासगी फाउंडेशनच्या पैशातून आठवड्याचे सहाही दिवस अंडं मिळायला लागलं.

आणि केरळचा तो छोटा पोरगा आठवतोय? 2025 च्या सुरुवातीला त्याने अंगणवाडीत उपम्याऐवजी बिर्याणी पाहिजे म्हटलं, आईने व्हिडिओ टाकला. आपण सगळ्यांनी तो हसून फॉरवर्ड केला. तिथल्या मंत्र्यांनी मात्र तो मनावर घेतला. त्याच वर्षी जूनमध्ये अंगणवाडीचा नवा मेनू आला, त्यात अंडा बिर्याणी होती आणि सोबत मीठ-साखर कमी केलेली होती.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण मी हा विषय ऑफिसात काढला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. 'पोरांना विचारलंस तर मॅगी मागतील.' मागू देत की! मुलाने आवड सांगायची, त्यातून पौष्टिक काय ते आहारतज्ज्ञाने काढायचं. क्लायंटने मागितलेलं जसंच्या तसं आपण तरी कधी बनवतो? आणि खरं सांगायचं तर ताईच्या वर्गातल्या मुलांनी मॅगी मागितलीच नाही. तिने सहज विचारलं होतं. उत्तरं आली ती अशी: वाटाणा कच्चा राहतो, तो कमी शिजवू नका. रोज भातच का? थंडीत भाकरी का नाही?

शेवटच्या प्रश्नावर मी जरा थबकलो. नगर जिल्हा म्हणजे बाजरीचा मुलूख. थंडीत बाजरीची भाकरी खात नाही असं घर पूर्व भागात सापडणं कठीण. लोहाचं प्रमाण जास्त असलेली 'धनशक्ती' ही बाजरीची जात महाराष्ट्रात 2012 सालीच आली. वर अकोल्याच्या डोंगरात नाचणी, वरई. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना देशी बियाणं जपल्याबद्दल 2020 चा पद्मश्री याच जिल्ह्यात आला. आणि शाळेत येतो तो केंद्राचा तांदूळ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या 68.9 टक्के मुलांना रक्तक्षय निघाला होता. तीच मुलं आता शाळेत बसलीत.

भाकऱ्या थापणार कोण, हा प्रश्न खरा आहे. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना महिन्याला 2,500 रुपये मानधन. तेही 2023 मध्ये 1,500 वरून वाढलं तेव्हा. दीडशे भाकऱ्या थापायला सांगायचं आणि एवढ्यावर? वाटाणा कच्चा राहतो त्यात त्यांचा दोष किती आणि इंधनाच्या पैशांचा किती? पहिली ते पाचवीच्या एका ताटाचा साहित्य खर्च मे 2025 पासून 6 रुपये 78 पैसे धरलाय. आपल्या कॅन्टीनमधला कटिंग चहा आठवा जरा. म्हणूनच मुलांनी हे बाईंना किंवा हेडमास्तरांना सांगून उपयोग नाही, त्यांच्या हातात काही नाही. सांगायचं ते गटशिक्षणाधिकाऱ्यांना, पंचायत समितीतल्या पोषण आहार अधीक्षकांना, झेडपीच्या सीईओंना.

त्यासाठी नवा कायदाही नको. शाळा व्यवस्थापन समितीत महाराष्ट्राने दोन विद्यार्थी प्रतिनिधी ठेवलेत, त्यात एक तरी मुलगी हवी. बहुतेक ठिकाणी त्यांची नावं फलकावर असतात आणि बैठकीच्या वेळी ती वर्गात असतात. आणि हा जिल्हा तर ग्रामसभांचा. हिवरे बाजारात पाण्याचा ताळेबंद दरवर्षी गावासमोर मांडतात, राळेगणचं सगळ्यांना माहीतच आहे. विहिरीतल्या पाण्याचा हिशेब चारचौघांत होऊ शकतो तर ताटात उरलेल्या भाताचा का नाही?

मी ताईला एक साधी गोष्ट सुचवली. चवीच्या वहीत आणखी दोन रकाने आखायचे: आज उरलं किती, आणि का. लिहायचं सातवीतल्या मुलांनी, पाळीपाळीने. महिनाभराची पानं झेरॉक्स करून अधीक्षक साहेब पुढच्या भेटीला आले की त्याच मुलांनी त्यांच्या हातात द्यायची. ती म्हणाली, "साहेब चिडले तर?" मी म्हटलं, ग्रॅममध्ये लिहिलेल्या आकड्यावर चिडणं जरा अवघड असतं. ती हसली आणि म्हणाली, तुला साहेब माहीत नाहीत.

तरी वही आखलीय तिने. वजनकाटा शाळेत आहेच, तांदूळ मोजायचा.